ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं? डिस्क बदलण्याआधी हब बघा

वागळे इस्टेटमध्ये माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं मुख्यतः ब्रेकचंच काम करतोय. गिऱ्हाईक बहुतेक वेळा निदान सोबत घेऊनच येतं: "डिस्क बेंड झालीय, बदलून टाका." मी म्हणतो, थांबा, आधी चाक काढू.

मागच्या दिवाळीत कासारवडवलीचे एक काका आले. दीड वर्षात पुढच्या डिस्क दोनदा नव्या टाकलेल्या. दोन्ही वेळा चार-पाच हजार किलोमीटर गाडी छान चालली, मग पुन्हा थरथर. डिस्क उतरवली तर हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) बैठकीवर, दोन बोल्टांच्या मधे, नखाएवढी गंजाची खपली. डिस्क किती डोलते ते मोजणारा डायल गेज लावला तेव्हा काटा 0.12 मिलिमीटर फिरला होता. खपली खरवडून, बैठक घासून तीच डिस्क परत बसवली, तर 0.03.

एवढ्याशा फरकाने काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. डिस्क तिरकी बसली की ती फिरताना डोलते. सुरुवातीला हाताला काहीच कळत नाही, कॅलिपर (पॅडने डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा) तिच्याबरोबर सरकत राहतो. पण तुम्ही ब्रेक न मारताही प्रत्येक फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला घासते. हजारो किलोमीटरांत ती जागा पातळ होते. मग ब्रेक मारला की पॅड जाड-पातळ, जाड-पातळ असा चालतो आणि पेडल पायाला उलटं ढकलतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे एक-दोन भाग फरकही पायाला जाणवायला पुरतो. नवी डिस्क घाणेरड्या हबवर चढवली तर हेच चक्र पहिल्यापासून सुरू.

आता थरथर कुठून येते ते शोधा. ब्रेक न मारताही 80-90 ला गाडी थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर बघा, डिस्कला हात लावू नका. ब्रेकलाच येत असेल तर पहाटे रस्ता मोकळा आणि कोरडा असताना, मागे कोणी नाही हे पाहून, 70 वरून 30 पर्यंत हलका ब्रेक मारा. स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि पेडलच हललं तर मागची. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असेल आणि हँडब्रेक दांड्याचा असेल तर 30 च्या वेगात बटण दाबून ठेवून दांडा हळूहळू ओढा. तीच थरथर आली तर दोष ड्रमात. पावसात हे अजिबात करू नका. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेडल करकरत धडधडलं तर तो एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, दोष नाही.

चाक काढताना गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. डिस्क काढण्यापूर्वी हबवर आणि तिच्यावर खडूने खूण करा. हबची बैठक आणि डिस्कची आतली बाजू वायर ब्रश, मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. डिस्क बसवून वॉशर घालून सगळे नट आवळा, डायल गेजची टोच डिस्कच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत ठेवा आणि एक फेरा फिरवा. या डोलण्याची खरी मर्यादा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असते, मी 0.05 च्या वर सोडत नाही. जास्त आलं तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजा, कधीकधी तेवढ्यानेच बसतं. मायक्रोमीटरने सात-आठ जागी जाडी घ्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. लेथवर मारून त्याच्या खाली जाणार असेल तर बदलणंच बरं. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लायडर पिन हाताने सरकतायत का तेही बघा. अडकलेल्या पिनेमुळे एकच चाक तापतं.

मग नट. टायरवाला इम्पॅक्ट गनने एक नट फाडून आवळतो, दुसरा कसातरी, आणि चांगली डिस्क तिथेच वाकडी ओढली जाते. स्वतः टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) घ्या, समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन टप्प्यांत. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर लागतो. तुमचा आकडा पुस्तकातून घ्या.

नवे पॅड बसवले की 50 वरून 15 पर्यंत आठ-दहा वेळा बेताचा ब्रेक, मधे अर्धा मिनिट मोकळी धाव. पूर्ण थांबायचं नाही.

लोणावळ्याहून बोरघाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर उतरा. खालापूर टोलच्या रांगेत डिस्क तापलेली असते, तिथे पेडलवर पाय दाबून बसलात तर पॅडचा थर त्याच जागी चिकटतो आणि पुढे तीच जागा थरथरते. सपाटीवर न्यूट्रल करून पाय काढा, पुढच्या गाडीला थोडी जागा द्या. घाट उतरल्यावर लगेच चाकांवर पाण्याचा पाइपही नको. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली तर सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते, तो वरवरचा गंज, निघून जातो. महिनाभर राहिली तर मात्र पॅडचा ठसा उमटलाय का ते चाकाच्या फटीतून बघून घ्या.

चाक काढून बसवलेलं असेल तर 50-100 किलोमीटरनंतर नट पुन्हा रेंचने तपासा. काकांची गाडी मी तेवढ्यासाठी परत बोलावली, आणि एक नट खरंच सैल निघाला.