साथीच्या काळातल्या शोधनिबंधांचा आलेख काढताना या चुका टाळा

कोविड-१९च्या काळात शोधनिबंधांचा पूर आला, हे सांगायला आलेख लागत नाही. आलेख लागतो तो पूर कधी चढला, कोणत्या विषयात चढला आणि त्यात नागपूरचा वाटा किती, हे पाहायला. आणि नेमकं तिथेच घसरायला होतं. प्रबंधांत दिसणारे बरेच चढउतार संशोधनाचे नसतातच. डेटाबेस तारीख कशी नोंदवतो, त्याचे ते असतात.

जानेवारीचा खांब उंचच उंच

पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या डेटाबेसवरून महिनावार आकडे काढले की जानेवारीत उसळी दिसते. त्यात नव्या वर्षाच्या उत्साहाचा काही भाग नाही. अंकावर नुसतं वर्ष असेल तर पबमेड महिना जानेवारी धरतं. ‘ऑक्टोबर–डिसेंबर’ असा जोडअंक ऑक्टोबरमध्ये जातो, हिवाळी अंक जानेवारीत, आणि दिवस दिलेला नसेल तर १ तारीख पडते.

याहून मोठा घोळ एकाच निबंधाच्या अनेक तारखांचा. डेक्सामेथासोनमुळे ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे दाखवणारी ब्रिटनची रिकव्हरी चाचणी घ्या. निष्कर्ष जाहीर झाले १६ जून २०२० ला. मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या छाननीआधीचा मसुदा, आलं २२ जूनला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने निबंध ऑनलाइन टाकला १७ जुलैला, आणि छापील अंकात तो आला २५ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे विदर्भात दुसरी लाट डोकं वर काढत होती तेव्हा. छापील तारखेने मोजलं तर काम आठ महिने पुढे सरकतं. पबमेडच्या निकालाशेजारी दिसणारा वर्षवार आलेख तर असा निबंध दोन्ही वर्षांत मोजतो, म्हणून खांबांची बेरीज एकूण निकालांपेक्षा जास्त भरते.

उपाय सोपा आहे. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये ‘डेट – पब्लिकेशन’ऐवजी ‘डेट – क्रिएट’ निवडा. नोंद पबमेडमध्ये कधी तयार झाली ती ही तारीख, आणि ती एकच असते. प्रकाशनाचीच तारीख हवी असेल तर सगळीकडे ऑनलाइनची धरा. ती नसेल तेव्हाच छापील.

‘कोरोना’ शोधला, हृदयविकार सापडला

नुसता ‘कोरोना’ टाकला तर सूर्याचा कोरोना आणि विजेचा कोरोना डिस्चार्जही जाळ्यात येतो. शब्दाच्या शेवटी तारांकन (*) लावलं तर ‘कोरोनरी’ही आत शिरतं, म्हणजे हृदयाच्या धमन्यांवरचं सगळं वाङ्मय. उलट, कोविड-१९ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० ला दिलं. त्याआधीचे निबंध ‘२०१९-एनसीओव्ही’, ‘नॉव्हेल कोरोनाव्हायरस’ किंवा वुहानचा न्यूमोनिया अशा नावांखाली आहेत. शीर्षकात फक्त नवं नाव शोधलं की सुरुवातीचे आठवडे जवळपास कोरे दिसतात.

पुढच्या वर्षांचा त्रास वेगळा. दातांच्या दवाखान्यापासून कापसाच्या भावापर्यंत कुठल्याही अभ्यासाच्या सारांशात ‘महामारीच्या काळात’ हे पालुपद येतं. शीर्षकातले निकाल आणि फक्त सारांशातले निकाल वेगळे मोजा. मग प्रत्येक वर्षाच्या २०० नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि दोघांनी, एकमेकांचं न पाहता, विषय खरंच कोविडचा आहे का ते ठरवा. २०० पैकी ४० गैरलागू निघाले तर त्या वर्षाच्या निकालातला पाचवा हिस्सा भुसा आहे.

नागपूरचे निबंध नेमके किती?

पबमेड २०१३ पर्यंत साधारणपणे पहिल्याच लेखकाचा पत्ता ठेवत असे. २०१४ पासून सगळ्या लेखकांचे पत्ते येऊ लागले. त्यामुळे २०१० शी तुलना केली तर नागपूरचं संशोधन आपोआपच फुगलेलं दिसतं. पाया म्हणून २०१५ ते २०१९ ची सरासरी घ्या.

मग नावांचा गुंता. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था कुठे ‘सीएसआयआर-नीरी’ असते, कुठे लांबलचक पूर्ण नावाने, आणि तिच्या मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या केंद्रांतले निबंधही त्याच नावावर सापडतात. विद्यापीठ कधी ‘नागपूर युनिव्हर्सिटी’, कधी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावासह, कधी नुसती आद्याक्षरं. मेयो रुग्णालयाला निबंधात कुणी मेयो म्हणत नाही. तिथे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असतं, आणि इंदिरा गांधी मेडिकल कॉलेज शिमल्यातही आहे. शीर्षकात ‘नागपूर’ शोधलं तर झारखंडचं छोटा नागपूर पठारही हजर.

पत्त्यातला पिनकोड इथे कामाचा. शहराचा ४४० ने सुरू होतो. पण एवढ्यावरच थांबलात तर मिहानमधलं एम्स सुटेल, कारण त्याचा पिन ४४११०८ आहे. सरसकट ४४१ घ्यावा, तर भंडारा-गोंदियाही येतात. सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं वर्ध्याच्या पत्त्यावर; ती धरायची की नाही, हे मोजणीआधी ठरवा, आकडा पाहून नव्हे.

‘पीअर रिव्ह्यू झपाट्याने झाला’

पीअर रिव्ह्यू म्हणजे छापण्याआधीची तज्ज्ञांची छाननी. साथीत ती झपाट्याने झाली असा निष्कर्ष काढणं, ही चूक सगळ्यांत फसवी. समजा, स्वीकारलेल्या निबंधांची यादी ३० जून २०२० ला काढली. १ एप्रिलला पाठवलेल्या निबंधाला तोवर फार तर ९० दिवस मिळाले. जो पाच महिने रखडणार आहे तो यादीत दिसूच शकत नाही, म्हणून पाठवल्यापासून स्वीकारेपर्यंतच्या दिवसांची सरासरी आपोआप खाली येते. निबंध पाठवल्याच्या महिन्यानुसार गट पाडा, प्रत्येक गटाला पाठवल्यापासून दीड वर्षाची सारखीच मुदत द्या आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या. पत्रं आणि संपादकीयं आधीच वेगळी काढा. ती दोन-चार दिवसांत स्वीकारली जाऊ शकतात.

प्रीप्रिंटपैकी किती छापले गेले, हे मोजतानाही हाच नियम. शिवाय मेडआर्काइव्ह सुरूच झालं जून २०१९ मध्ये, त्यामुळे तिथली २०२० ची वाढ नव्या दुकानाची किती आणि साथीची किती, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. प्रीप्रिंट आणि छापील निबंध यांचे डीओआय (निबंधाचे ओळख क्रमांक) जुळवून जोडी एकदाच मोजा.

मागे घेतलेल्या निबंधांचं प्रमाण काढताना काळजी हवीच. सर्जिस्फिअर या अमेरिकी कंपनीच्या माहितीवरचा, लॅन्सेट या नियतकालिकातला निबंध २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. इतका वेग अपवाद आहे. २०२२ चे निबंध २०२० च्या तुलनेत निर्दोष दिसतात त्यामागे बरेचदा एवढंच असतं, की त्यांच्याकडे पाहायला अजून कमी वेळ मिळाला आहे.

शेवटी एक तांत्रिक अडचण. पबमेडवरून एका वेळी १०,००० नोंदीच उतरवता येतात, आणि पुढच्या गळाल्या हे फाइल उघडून कळत नाही. शोध महिन्यांत तोडा, तरी मर्यादा ओलांडली तर पंधरवड्यांत. तुकड्यांची बेरीज पडद्यावरच्या एकूण आकड्याशी पडताळा, आणि शोधाची ओळ जशीच्या तशी, चालवल्याच्या तारखेसह, स्प्रेडशीटच्या पहिल्या रांगेत चिकटवून ठेवा.