परदेशी आर्टिस्टबरोबर काम करताय? आधी कागद करा

जी.डी. आर्ट, म्हणजे कलेचा सरकारी डिप्लोमा, करून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे हल्ली मेसेज येतात, 'ताई, फ्रान्सची एक आर्टिस्ट येतेय, असिस्टंट म्हणून जाऊ का?' जा. घरी बसून कॅनव्हासला प्रायमर फासत राहण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त मी कुठे आपटले ते वाचून जा.

२०१६च्या पावसाळ्यात एक युरोपियन चित्रकार ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात दोन महिने कामाला आला होता. आपल्या छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्यांनी त्याला वेड लावलेलं. मी दिवसाला १,५०० रुपयांवर लागले. ताडपत्रीवाल्याशी घासाघीस, आयलेट (दोरी ओवायच्या भोकाची धातूची कडी) मारणाऱ्याकडे हेलपाटे, दुभाषेपण, सगळं माझ्याकडे. एका दुपारी टपरीवर कटिंग पिताना मी सहज म्हटलं, आजीच्या तोंडून ऐकलेले कितीतरी तलाव ठाण्यात बुजलेत, त्यांच्या आकाराची ठिगळं लावली तर? तो ग्लास तसाच ठेवून गाळ्याकडे पळाला. पुढचे २३ दिवस जुने नकाशे बघून मी थेट ताडपत्रीवर खडूने आकार काढले आणि कापले.

सहा महिन्यांनी त्याच्या प्रदर्शनाचे फोटो आले. लेबल झूम करून वाचलं. त्याचं नाव, वर्ष, 'ताडपत्री, दोरा', आणि खाली बारीक अक्षरात 'स्थानिक कारागिरांच्या सहकार्याने'.

माणूस वाईट नव्हता, हे कबूल करायला मला चार वर्षं लागली. तो पहिल्या दिवसापासून 'कोलॅबरेशन' म्हणत होता. मी त्याचा अर्थ 'दोघांचं काम' असा लावला, त्याच्या लेखी तो 'मदत' होता.

आता नीट वाचा, कारण इथेच सगळे फसतात. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात उतरते त्या रूपाला मिळतो. टपरीवरचं बोलणं चहाबरोबर संपलं. आकार मी काढले होते, पण पुरावा? खडू पुसला गेला, तारीख घातलेलं एक स्केच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ म्हणतं की हक्क विकले तरी 'हे मी केलंय' म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. पण तुम्ही काय केलंत हे दाखवता तर आलं पाहिजे! शिवाय कलम १७ आहे. कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणून कल्पना सुचली की आधी ती काढा, तारीख घाला, त्याच रात्री मेल करा. बोला नंतर. आणि पहिल्याच दिवशी, पहिल्या चहाच्या आधी विचारा, 'लेबलवर माझं नाव कसं छापणार?' जीभ जड होते, माहितेय. तरी विचारा.

यावर आमचे एक सर म्हणायचे, 'एक्स्पोजर मिळतंय ना, नावाचं काय घेऊन बसलीस?' सरांना पेन्शन होती.

घाबरू नका, नीट झालेली उदाहरणंही आहेत. डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हा, २००३ साली, तिथले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आणि इंग्लंडचे कलाकार रिचर्ड लाँग यांचं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात प्रदर्शन झालं. शीर्षकातच दोघांची नावं. उलट इटलीचा कलाकार अलिगिएरो बोएत्तीने १९७१पासून अफगाण बायकांकडून भरतकामात जगाचे नकाशे भरून घेतले. एकदा त्यांनी समुद्र चक्क गुलाबी भरून पाठवला. त्याला तो इतका आवडला की पुढे समुद्राचा रंग त्याने त्यांच्यावरच सोडला. नकाशे मात्र बोएत्तीच्याच नावाने ओळखले जातात. मला ते आवडतात, आणि बघताना दर वेळी पोटात कालवतं.

रेसिडेन्सी (कलाकाराला एखाद्या ठिकाणी राहून काम करायची संधी) मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, एवढंच सांगते.

आणि कातरण फेकू नका. मी ठिगळं कापून घेतलेली एक ताडपत्री घरी आणली होती, ती आईने बाल्कनीत वॉशिंग मशीनवर बांधली. तलावाच्या आकाराच्या भोकातून अजून पाणी गळतं, खाली बादली ठेवतो.