रिसीव्हर बॅटरीचा हिशेब एमएएचमध्ये ठेवा

रिमोटवर उडणाऱ्या नायट्रो (द्रव इंधनाच्या) मॉडेल हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तर ऑटोरोटेशन करून, म्हणजे खाली येतानाच्या हवेवर पाती फिरती ठेवून, उतरता येतं. रिसीव्हरची, म्हणजे रिमोटचे संदेश घेणाऱ्या भागाची, वीज गेली तर हातात काहीच उरत नाही. सर्व्हो, म्हणजे पात्यांचे कोन आणि थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरी, आहेत तिथे थांबतात आणि फिरत्या पात्यांसकट यंत्र वाटेल तिकडे जातं. म्हणून ‘अजून एक फ्लाइट निघेल’ हा निर्णय अंदाजाने घ्यायचा नाही.

नुसत्या व्होल्टेजवरून शिल्लक कळत नाही. 2 सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) 8.4 व्होल्टपासून हळूहळू उतरते, त्यामुळे तिचा थोडाफार अंदाज येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक, ज्याला चार्जर ‘लाइफ’ म्हणतो, बहुतेक वेळ 6.6 व्होल्टच्या आसपासच राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. मीटर ठीक दाखवत असताना पॅक जवळजवळ रिकामा असू शकतो.

खरा आकडा चार्जर देतो. पॅक पूर्ण भरा, टायमर लावून नेहमीच्या पद्धतीने एक फ्लाइट करा, मग पुन्हा पूर्ण भरा आणि किती एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीतल्या विजेचं माप) परत गेले ते लिहून ठेवा. समजा 8 मिनिटांत 480 गेले, म्हणजे मिनिटाला 60. पॅक 2200 चा असेल तर त्यातले 60 टक्के, म्हणजे 1320, एवढेच वापरायचे. दोन फ्लाइटमध्ये 960 होतात, तिसरी धरली तर 1440. म्हणजे दोनच, मग चार्जिंग. जमिनीवर सेटिंग करताना रिसीव्हर चालू राहिला तर तोही खर्च यातच धरा. संथ होव्हर आणि जोरदार थ्रीडी (कसरतींचं उड्डाण) यांचे आकडे वेगळे येतात. मर्यादा ठरवताना मोठा आकडा घ्या. निकेल पॅकमध्ये चार्जिंगचा काही भाग उष्णतेत जातो, त्यामुळे तिथे हा आकडा खऱ्या वापरापेक्षा जास्त दिसतो.

ही वही दुसऱ्या कारणासाठीही मोलाची आहे. नेहमी 480 घेणारं हेलिकॉप्टर अचानक 650 घेऊ लागलं तर पुढची फ्लाइट थांबवा. सर्व्होच्या दांडीचा सांधा, म्हणजे बॉल लिंक, घट्ट झाली आहे का, टोकाला जाऊन सर्व्हो अडतो आहे का, एखादा सर्व्हो स्थिर असतानाही गुणगुणतो किंवा तापतो आहे का, हे पाहा. लिंक काढून प्रत्येक दांडी बोटाने हलवली की अडकणारी जागा लगेच सापडते.

चार्जिंगसाठी पॅक हेलिकॉप्टरमधून बाहेर काढा, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरण्यासाठीची वायर) जोडा आणि 1 सी करंट, म्हणजे पॅकच्या क्षमतेएवढाच, ठेवा. 2200 च्या पॅकला 2.2 अँपिअर. मोड दोनदा तपासा. लाइफ सेल 3.6 व्होल्टला भरतो; लिपो मोड त्याला 4.2 पर्यंत ढकलतो, आणि ते धोकादायक आहे. फुगलेली लिपो पुन्हा वापरू नका. महिन्या-दोन महिन्यांनी चार्जरवर डिस्चार्ज करून क्षमता मोजा. छापील आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेली तर तो पॅक उडवायचा नाही.

लिपो रेग्युलेटरशिवाय (व्होल्टेज कमी करणाऱ्या भागाशिवाय) जोडायची असेल तर रिसीव्हर, शेपूट स्थिर ठेवणारा जायरो आणि सगळे सर्व्हो 8.4 व्होल्ट सहन करणारे हवेत. टेल सर्व्होवर खास नजर ठेवा, जुने बरेचसे साधारण 5 व्होल्टचेच आहेत.

क्षमता भरपूर असूनही वीज कमी पडते ती बहुधा वायरिंगमुळे. सगळे सर्व्हो एकदम जोर लावतात तेव्हा क्षणभर बराच मोठा करंट लागतो आणि सर्व्होचा साधा बारीक कनेक्टर तेवढ्यासाठी बनलेला नसतो. रिसीव्हरला दोन स्वतंत्र लीडने वीज द्या. कार्बन फ्रेमची कडा धारदार असते आणि कार्बनमधून वीज वाहते, म्हणून वायर जिथे घासते तिथे स्लीव्ह चढवा.

उडवण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून दोन्ही स्टिक भराभर फिरवा आणि टेलिमेट्रीवर (हेलिकॉप्टरकडून रिमोटवर येणाऱ्या आकड्यांत) व्होल्टेज पाहा. भरलेला पॅक असूनही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घसरण दिसली तर आधी कनेक्टर, मग स्विच आणि शेवटी पॅक बदलून पाहा. घसरण का होते ते सापडेपर्यंत इंजिन चालू करू नका.