प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि उपचाराला लागणारी मिनिटे: लेबर रूममधल्या छोट्या अभ्यासाची आखणी

परिचारिका आणि सुईणींनी करण्याजोग्या संशोधनांत हा विषय फार मोलाचा आहे. बाळंतिणीला किती रक्त गेले हे नजरेने ठरवले, की आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी निघतो, आणि रक्त जितके जास्त जाते तितकी चूकही वाढते. म्हणजे नजर नेमकी धोक्याच्या वेळी दगा देते.

आधी प्रश्न अरुंद करा. ‘आमच्याकडे रक्तस्राव किती होतो?’ हा प्रश्न फार ऐसपैस आहे. त्याऐवजी असे विचारा: योनीमार्गे प्रसूती झालेल्या बाईचा रक्तस्राव उपचाराच्या मर्यादेला पोचल्यावर पूर्ण उपचार (पुढे वेळांच्या रकान्यांत दिलेले सगळे) किती मिनिटांत सुरू होतात? सिझेरियन यात धरू नका. तिथे सक्शनच्या बाटलीत धुण्याचे पाणी आणि गर्भजल मिसळते, त्यामुळे मोजण्याची रीतच वेगळी लागते.

ही मर्यादा स्वतःच्या मनाने ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेला निकष घ्या: रक्तस्राव ५०० मिली झाला, किंवा ३०० मिली झाला आणि सोबत नाडी १०० च्या वर, वरचा बीपी १०० च्या खाली, खालचा बीपी ६० च्या खाली, किंवा नाडीला वरच्या बीपीने भागून येणारा आकडा १ पेक्षा जास्त, यांतले काहीही एक आढळले. यांपैकी जे आधी घडेल ती ‘शून्य मिनिट’ची वेळ.

नजरेचा अंदाज आणि खरे माप यांची तुलना करण्याचा मोह होतो. खुणा छापलेला ड्रेप (नितंबांखाली घालायचा, रक्त साठवणारी पिशवी असलेला प्लास्टिकचा कपडा) वापरणार असाल तर ही तुलना करू नका. आकडा समोर दिसत असताना लिहिलेला अंदाज हा अंदाज राहत नाही. खुणा झाकून ठेवाव्यात, तर बाळंतिणीच्या जिवावर प्रयोग केल्यासारखे होते.

आता मोजणी. बाळंतिणीचे मूत्राशय आधी रिकामे करा. बाळ बाहेर आले आणि गर्भजल वाहून गेले, की लगेच ड्रेप नितंबांखाली सरकवा. तो आधीच लावला तर गर्भजल त्यात साठते आणि खूप उशिरा लावला तर वार पडतानाचे रक्त निसटते. ड्रेप निदान एक तास ठेवा; स्राव चालूच असेल तर दोन तास. वाचताना पिशवी सरळ लोंबती हवी, तिला घडी नको आणि डोळे खुणेच्या पातळीला हवेत. गाठी काढून टाकू नका, त्याही रक्तच आहेत.

जे ड्रेपमध्ये पडले नाही ते पॅड, गॉज आणि चादरीत जाते. त्यासाठी १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. रोज सकाळी रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणा, त्यात मोजून १ लिटर पाणी ओता आणि १००० ग्रॅमच्या आसपास दाखवतो का ते पाहा. पॅडचा नवा गठ्ठा फोडला की १० कोरे पॅड तोलून सरासरी काढा, कारण गठ्ठ्यागणिक वजन बदलते. भिजलेले पॅड झाकणाच्या पिशवीत ठेवून लगेच तोला. उघडे राहिले तर पाणी उडून जाते. सलाईनमध्ये भिजवून वापरलेले गॉज रक्ताच्या पॅडमध्ये मिसळू नका.

हिशेब असा: ५ पॅड भिजून ५३० ग्रॅम भरले, कोरे असताना प्रत्येकी ४० ग्रॅम, म्हणजे एकूण २०० ग्रॅम. वाढ ३३० ग्रॅम. १ मिली रक्ताचे वजन सुमारे १.०६ ग्रॅम, म्हणून ३११ मिली. ड्रेपमध्ये २४० मिली दिसत असेल तर बेरीज ५५१ मिली. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर कोणी घाबरणार नाही, पण बेरीज मर्यादा ओलांडून गेलेली असते. पॅडचे वजन तासाच्या शेवटी एकदम न करता दर १५ मिनिटांनी करायचे ते याचसाठी. तेव्हाच नाडी आणि बीपीही घ्यायचा. १ ग्रॅम म्हणजे १ मिली असे धरणारेही पुष्कळ आहेत. कोणतीही एक रीत घ्या, ती लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

मर्यादा गाठताच मोजणारीने मोठ्याने सांगायचे. हा नियम संशोधनाच्या आराखड्यात पहिल्या पानावर असू द्या. मोजणी पूर्ण व्हायची म्हणून उपचार एक क्षणही थांबता कामा नयेत.

उपचारांच्या वेळा लिहिताना प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र रकाना द्या: मदतीला हाक, गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिनसारखे गर्भाशय आकुंचवणारे औषध, रक्तस्राव रोखायला मदत करणारे ट्रानेक्सामिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून (सुमारे १० मिनिटांत, प्रसूतीपासून ३ तासांच्या आत), सलाईन, आणि फाटलेली जागा, वार व मूत्राशयाची तपासणी. सगळ्यांनी भिंतीवरचे एकच घड्याळ पाहायचे. प्रत्येकीचे मनगटी घड्याळ वेगळे चालते. नंतर आठवून लिहिलेल्या वेळा ओळखता येतात. मिनिटांचा शेवटचा अंक ० किंवा ५ येण्याचे प्रमाण साधारण २० टक्के असायला हवे. ते ६० टक्के निघाले तर वेळा अंदाजाने भरल्या गेल्या आहेत.

किती प्रसूती लागतील? ‘१५ मिनिटांत पूर्ण उपचार’ मिळालेल्या बायकांचे प्रमाण १० टक्के इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने सांगायचे असेल आणि प्रमाणाचा आधी काहीच अंदाज नसेल, तर मर्यादा ओलांडलेल्या ९७ बायका हव्यात. शंभरात दहा जणी मर्यादा ओलांडतात असे धरले तर ९७० प्रसूती मोजाव्या लागतात. हा हिशेब सुरुवातीलाच करा. तेवढ्या प्रसूती होत नसतील तर अचूकता सैल करा किंवा दुसरे रुग्णालय सोबत घ्या. त्याआधी २० प्रसूतींवर अर्ज भरून पाहा. कोणता रकाना रिकामा राहतो ते तिथेच कळते.

रोज अभ्यासाचे अर्ज प्रसूतीच्या नोंदवहीशी ताडा. रात्रपाळीत, गर्दीत किंवा बाळ अत्यवस्थ असताना मोजणी सुटते, आणि खूप रक्त गेलेल्या बायका बऱ्याचदा त्यातच असतात. सुटलेल्यांची यादी कारणासह ठेवा.

संमतीचे बोलणे कळा जोरात असताना नको. गरोदरपणाच्या तपासणीत समजावून सांगा, दाखल होताना पुन्हा विचारा. मोजणी हा नेहमीच्या सेवेचाच भाग असला तरी नोंदी वापरायला नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. अर्जावर नाव नको, क्रमांक हवा. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात. पॅड का तोलतोय हे बाळंतिणीला सांगा, तिला झाकून ठेवा. तिचा अनुभव विचारायचा असेल तर तिची प्रसूती न केलेल्या बाईने, ती सावरल्यावर विचारावा; नाहीतर ती संकोचाने ‘सगळं चांगलं होतं’ एवढेच म्हणेल.

मिनिटांची सरासरी काढू नका. एकीला ९० मिनिटे लागली की सरासरी फुगते. मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, सोबत मधल्या निम्म्या बायकांची व्याप्ती द्या, आणि आठवड्यागणिक आलेख काढा.

मोजणी नीट सुरू झाली की रक्तस्रावाचे नोंदलेले प्रमाण एकदम वाढते. सेवा बिघडलेली नसते, पूर्वी न दिसणाऱ्या बायका दिसू लागलेल्या असतात. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात खुणांचा ड्रेप व एकत्रित उपचार देणाऱ्या रुग्णालयांत ९३.१ टक्के रक्तस्राव ओळखले गेले, तर नेहमीची पद्धत असलेल्या ठिकाणी ५१.१ टक्के. म्हणून जुन्या नोंदींशी ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना मांडू नका, आणि पहिल्या महिन्याचा अहवाल वरिष्ठांच्या हाती पडण्याआधी त्यांना ही वाढ समजावून सांगा. नाहीतर आकडे चांगले दिसावेत म्हणून पुन्हा नजरेच्या अंदाजावर जाण्याचा दबाव लेबर रूमवर येतो.