डोळा बरा होईपर्यंत ऑनलाइन मित्रांची मदत कशी घ्यावी

नागीण अंगावर कुठेही उठली तरी छळतेच, पण कपाळावर किंवा पापणीवर उठली की ते दुखणं डोळ्याचं होतं. कधीकाळी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि वर्षानुवर्षांनी त्याच तंतूच्या वाटेनं बाहेर पडतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डॉक्टर डोळ्याला धोका आहे असं धरूनच चालतात, कारण नाकाच्या त्या भागाला आणि डोळ्याला जाणारा तंतू एकच असतो. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. तेव्हा आधी डॉक्टर, ग्रुपवर सांगणं नंतर.

मी मुद्रितशोधनाचं काम करते आणि फावल्या वेळात शब्दकोडी सोडवते. कोडी सोडवणाऱ्यांचा आमचा एक लहानसा ग्रुप आहे, त्यातल्या बहुतेकांना मी कधी भेटलेली नाही. माझ्या उजव्या डोळ्यात नागीण उतरली, उजेड सोसेना, अक्षरं पुसट झाली, तेव्हा याच मंडळींनी मला सांभाळलं. त्यातून जे जमलं ते इथे सांगते.

पहिला निरोप तुम्ही स्वतः, आवाजात पाठवा. काय झालंय, कोणत्या डोळ्याला, आणि पुढे काही दिवस वाचता-लिहिता येणार नाही, एवढंच. मग ग्रुपमधल्या एकाच व्यक्तीला निरोप्या नेमा. नाहीतर प्रत्येकजण वेगळं विचारतो, “आता कसं वाटतंय?”, आणि दुखऱ्या डोळ्यानं पंधराजणांना तेच उत्तर देत बसावं लागतं. माझ्या निरोप्या मैत्रिणीनं फर्मानच काढलं होतं: निरोप आवाजातच पाठवायचा, एका मिनिटाच्या आत संपवायचा, आणि शेवटी “उत्तर देऊ नकोस” म्हणायचं. त्या तीन शब्दांनी मला केवढा आराम मिळाला!

फोनची सोय घरच्या कुणाकडून करून घ्या. अँड्रॉइडवर टॉकबॅक असतं, आयफोनवर व्हॉइसओव्हर; दोन्ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. मात्र ते सुरू झालं की फोन वेगळाच वागतो. एकदा टेकवलं की नाव ऐकू येतं, दोनदा टेकवलं की उघडतं. बंद कसं करायचं हे आधी शिकून घ्या, चालू करणं त्यामानानं सोपं. एवढं नको असेल तर मोठी अक्षरं, गडद पार्श्वभूमी आणि कमी उजेड पुरतो. बोलून मराठी टाइप करता येतं, पण विरामचिन्हांची वाट लागते. माझ्यासारखीला ती शिक्षाच होती. तशीच पाठवत गेले.

आता औषधांचं, कारण मित्रांचा खरा उपयोग इथेच झाला. डोळ्यात घालायचे थेंब दोन प्रकारचे आणि वर मलम, वेळा निरनिराळ्या. दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, थेंब आधी, मलम शेवटी. एकच थेंब पुरतो, जास्तीचा गालावर ओघळतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिटभर हलकेच दाबायचा, म्हणजे औषध घशात कमी उतरतं. काही स्टेरॉइडचे थेंब वापरण्याआधी बाटली हलवावी लागते, ते लेबलवर असतं; कुणाकडून तरी वाचून घ्या. सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांपैकी एकीला रबरबँड गुंडाळा, बोटांना ओळखू येते. माझ्या वेळा ग्रुपमधल्या दोघांनी वाटून घेतल्या होत्या. त्यातला एक दुसऱ्या देशात राहतो, आमची रात्र म्हणजे त्याचा दिवस. नागिणीचं मज्जातंतूचं दुखणं रात्री फार खवळतं. अशा वेळी तिकडे कुणीतरी जागं आहे आणि कोड्याचं “आडवे ७” वाचून दाखवतंय, याचा आधार गोळीइतकाच वाटायचा. (दुखणं तीन महिन्यांनंतरही राहिलं तर त्यावर वेगळी औषधं आहेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सोसत बसू नका.)

रोज सकाळी एक चाचणी करा. बरा डोळा तळहातानं झाका, पण त्यावर दाब देऊ नका. ठरलेल्या जागी उभं राहून, तशाच उजेडात, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा आणि काय दिसतं ते बोलून ग्रुपवर टाका: “आकडे दिसतात, वार दिसत नाहीत.” तारीख आपोआप पडते. तपासणीच्या आदल्या दिवशी निरोप्यानं ते सगळं एका कागदावर उतरवून द्यायचं. “बरं आहे, पण नीट नाही” अशा मोघम बोलण्यापेक्षा डॉक्टरांना हा कागद जास्त कामाचा.

एक गोष्ट मित्रांना बजावून ठेवा. नजर खालावली, लाली परतली, उजेड पुन्हा टोचायला लागला, असं तुमच्या निरोपात आलं तर त्यांनी धीर द्यायचा नाही, “डॉक्टरांना कळवलंस का?” एवढंच विचारायचं, आणि हो म्हणेपर्यंत सोडायचं नाही. या आजारात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची संवेदना कमी होऊ शकते. त्यामुळे दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं धरता येत नाही.

उपाय सुचवणारे भेटतीलच. प्रेमानं सांगतात, पण डोळ्यात काय घालायचं हे त्यांच्याकडून घेऊ नका. विशेषतः “माझ्याकडे तसलेच थेंब उरलेत” हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. स्टेरॉइडनं डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचे, आणि सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचे. एकदम थांबवलं तर सूज उलटते. चिठ्ठीचा फोटो कुणाला पाठवायचा तर नाव आणि नंबर झाकून. अनोळखी माणूस खाजगीत औषध विकायला आला तर निरोप्याला सांगून ब्लॉक करा.

वाचन परत सुरू करताना घाई नको. वीस मिनिटं झाली की वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं, पापण्या मुद्दाम लवायच्या. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून पाणी ओतताना भांड्याचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवा. डॉक्टर परवानगी देईपर्यंत गाडी चालवू नका.

मित्रही थकतात. पाळी वाटून द्या, अधूनमधून “आज सुट्टी” जाहीर करा, त्यांचंही ऐकून घ्या.

आमच्या ग्रुपमधले बरेचजण पन्नाशीपुढचे आहेत. नागिणीची लस आहे, दोन डोस असतात, आणि अनेक देशांत ५० वर्षांपुढच्यांना ती सुचवली जाते. मी बरी झाल्यावर प्रत्येकाला आपल्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारायला लावलं. अजून दोघं टाळताहेत, आणि आता त्यांच्या मागे मी निरोप्या लावून दिली आहे.