नीटचे मार्क घसरतायत आणि कशातच मन लागत नाही? आधी हे कर

नोव्हेंबरातल्या एका रविवारी नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, सराव टेस्टला बसले होते. फिजिक्समध्ये उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा प्रश्न होता, अकरावीपासून शंभरदा सोडवलेला. मी तो पाच वेळा वाचला. शब्द कळत होते, प्रश्न डोक्यात शिरत नव्हता. शेवटी ओएमआरवर, म्हणजे उत्तरपत्रिकेवर, नुसते गोल काळे करत सुटले. जूनमध्ये ७२० पैकी ४८० च्या आसपास असणारी मी त्या दिवशी ३२२ वर आले. मग खोलीवर येऊन जे शहाणपण केलं, ते बहुतेक तूही करत असशील. झोप दोन तासांनी कमी केली आणि बॅकलॉगचं नवं टाइमटेबल भिंतीवर चिकटवलं.

ते टाइमटेबल आधी काढ. मार्क पडले म्हणून मन खचलं की मन आधीच खचलं होतं म्हणून मार्क पडले, हे तपासायला एक वही घे. दोन आठवडे रोज तीनच गोष्टी लिही: किती वाजता झोप लागली, किती जेवलीस, आणि आवडीचं काही करावंसं वाटलं का. माझ्या वहीत रोज पहाटेचे तीन होते. घरून आलेली सुकटीची बरणी महिनाभर उघडलीच नव्हती. दोन आठवडे बहुतेक दिवस असेच जात असतील, तर हा आळस नव्हे. डॉक्टरांकडे जायची वेळ झाली आहे.

घरी सांगणं सगळ्यात अवघड. आमच्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की ‘ह्याला रत्नागिरीला पाठवा’ म्हणतात, कारण प्रादेशिक मनोरुग्णालय तिथे आहे. मी तर क्लाससाठी रत्नागिरीतच खोली घेऊन राहत होते. मला आणखी कुठे पाठवणार! तरी फोनवर ‘डिप्रेशन’ हा शब्द तोंडातून निघेना. मग टेस्टपेपरच्या पाठीमागे चार ओळी लिहिल्या, फोटो काढला आणि दादाला पाठवला: ‘तीन वाजेपर्यंत झोप येत नाही. वाचलेलं डोक्यात जात नाही. कारण नसताना रडू येतं. कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये.’ दादा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आला. आजीने त्याच्याबरोबर पेज करायला तांदूळ दिले होते आणि निरोप, ‘काय ता नंतर, आधी जेव गो.’ तूही आजाराचं नाव सांगू नकोस, तास आणि दिवस सांग. ‘टेन्शन आहे’ म्हटलं की ‘सगळ्यांनाच असतं’ हे उत्तर ठरलेलं. ‘वीस दिवस झोप नाही’ म्हटलं की कोणीही दचकतं.

माझ्या चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीसारखं काही मनात येत असेल, तर त्या रात्री एकटी राहू नको. मैत्रिणीला, खोलीच्या काकूंना, कोणालाही उठव. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांसाठी जिल्हा रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी चालेल. जाताना ती वही घेऊन जा. त्यांनी माझं थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण तिथली गडबडही अशीच थकवते. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळतं. मी आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करणार होते. तसं करू नको, फोन करून विचार. परीक्षेची तारीखही सांगून ठेव, म्हणजे गोळी बदलायची किंवा कमी करायची वेळ ते त्या हिशेबाने ठरवतात.

आता अभ्यास. बॅचचा वेग काही दिवस सोडून दे, आणि रँक टाकतात तो ग्रुप म्यूट कर. पंचवीस मिनिटांचा एक तुकडा, दिवसाला चार. मी बायोलॉजीपासून सुरुवात केली, कारण १८० पैकी ९० प्रश्न, म्हणजे ७२० पैकी ३६० मार्क तिथेच आहेत आणि एनसीईआरटीचं एक पान उघडायला फार बळ लागत नाही. पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कागदावर उतरवायचं. अर्धंच आठवलं तरी त्या दिवशी तेवढं पुष्कळ.

टेस्टचे एकूण मार्क बघण्याआधी बरोबर किती आणि चूक किती ते वेगळं मोज. बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात, चुकीला एक कापला जातो. त्या ३२२ च्या पेपरात मी १६८ प्रश्न सोडवले होते. ९८ बरोबर, ७० चूक: ३९२ वजा ७०. दीड महिन्याने १३० च सोडवले. ९६ बरोबर, ३४ चूक: ३५०. बरोबर उत्तरं उलट दोनाने कमी झाली, तरी मार्क २८ ने वाढले. अर्धवट वाचून गोल भरणं सुटलं, एवढाच फरक. हे आकडे पाहून खूप दिवसांनी वाटलं, डोकं अजून जागेवर आहे.

समुद्रावर जा, बरं वाटेल, असं सगळे सांगतात. मी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर बसून फक्त आणखी रडले. पण सकाळी सहाला तिथपर्यंत चालत जायचं ठरवलं आणि उठायची वेळ पक्की झाली. त्यामागोमाग हळूहळू झोप जागेवर आली. भाट्ये नसेल तर गावातला कुठलाही रस्ता चालेल.

एक आमच्या भागापुरतं सांगते. नीट बहुतेक मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात. घरात पेट्या, पेंढा, गडीमाणसं आणि मुंबईहून आलेले चाकरमानी. प्रत्येकजण विचारणार, ‘किती पडतील?’ शक्य असेल तर तो आठवडा खोलीवरच काढ. जावंच लागलं तर एक उत्तर पाठ करून जा. माझं होतं, ‘रिझल्ट लागला की सांगते, काका. तुम्ही आंबा घ्या.’