शेजाऱ्यांना ईस्टरचा अर्थ कसा सांगावा

इंदुरातल्या मराठी वस्तीत राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला ईस्टरच्या सुमारास एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘तुमच्या येशूचा पुनर्जन्म झाला तो हाच दिवस ना?’ विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, म्हणून आपण मान डोलावून मोकळे होतो. तसे करू नये, कारण सणाचा सगळा अर्थ नेमका ‘पुनर्जन्म’ या शब्दापाशी अडलेला असतो.

सुरुवात ईस्टरला वाटतात त्या अंड्यांपासून तर मुळीच करू नये. मी एकदा ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या काकूंकडे काजूच्या मार्झिपॅनची, म्हणजे काजू आणि साखरेच्या मिठाईची, अंडी घेऊन गेलो. त्यांचा शनिवारचा उपास होता, आणि यात खरे अंडे आहे की नाही, याचा खुलासा करण्यातच सगळी संध्याकाळ गेली.

तारखेचा प्रश्न तिथी पाळणाऱ्या घरात चटकन सुटतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी, चर्चच्या गणनेतील पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणूनच २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला येतो, तर २०२७ मध्ये २८ मार्चला.

मग योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील चार पुस्तकांपैकी एकाचा) विसावा अध्याय काढून सावकाश वाचावा. पहाटेच्या अंधारात येशूची अनुयायी मरीया मग्दालीया त्याच्या कबरेपाशी येते, धोंड बाजूला सारलेली पाहते, रडत उभी राहते आणि समोरच्या येशूला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा कुठे तिला ओळख पटते. येथे थोडे थांबून दोन गोष्टी दाखवाव्यात. पहिली अशी, की येशू कबरेतून उठला त्या क्षणाचे वर्णन चारही शुभवर्तमानांत कोठेच नाही. आहे ती रिकामी कबर आणि त्यानंतरच्या भेटी. दुसरी अशी, की ज्या समाजात स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, तेथे पहिली बातमी स्त्रियांनी आणली, आणि दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो त्याप्रमाणे प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, ती निव्वळ बडबड वाटली. रचून सांगायचे असते तर कोणी असे सांगितले नसते, असे माझे मत आहे. पण ते मत म्हणूनच मांडावे, पुरावा म्हणून नव्हे.

आता मूळ शब्दाकडे यावे : ईस्टर हा पुनर्जन्माचा नव्हे, तर पुनरुत्थानाचा, म्हणजे मेलेल्यातून उठण्याचा सण आहे. पुनर्जन्मात आत्मा जुना देह टाकून नवा धारण करतो. पुनरुत्थानात जो देह क्रुसावर गेला तोच उठतो, आणि त्यावर खिळ्यांचे व्रण असतात, जे शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवले गेले. हे भूतही नव्हे, कारण लूकच्या वृत्तान्तात येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. येशूने ज्याला मेलेल्यातून उठवले त्या लाजाराप्रमाणे तो पूर्वीच्या आयुष्यात परत आला असेही नाही. लाजाराला पुढे पुन्हा मरायचेच होते, ख्रिस्ताला मात्र मरण उरलेले नाही.

एवढ्यानेही उलगडले नाही, तर स्वयंपाकघरातून गव्हाचा एक दाणा आणून तळहातावर ठेवावा. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधील पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात हाच दाखला आहे : पेरलेला दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही, आणि उगवते ते त्याच दाण्याचे असूनही पेरल्यासारखे दिसत नाही. माळव्यात याच दिवसांत गव्हाची कापणी चाललेली असते, त्यामुळे दाखल्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. त्याच अध्यायात पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, म्हणजे पुढे येणाऱ्या पिकाची पहिली पेंढी. ईस्टर विश्वासणाऱ्याला स्वतःचा वाटतो तो यामुळे : जे येशूचे झाले ते आपलेही होणार, ही त्याची आशा असते. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, इतके स्पष्ट पौलाने लिहून ठेवले आहे, आणि शेजाऱ्यांना ते न लपवता सांगावे.

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), म्हणजे येशूच्या मरणाचा दिवस, हा शोकाचा दिवस आहे, तेव्हा त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत, हेही जाता जाता सांगून ठेवावे. रविवारी त्यांना उपासनेला न्यायचे असेल, तर ‘ख्रिस्त उठला आहे’ असे कोणी म्हटल्यावर ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर देतात, हे दारातून निघण्यापूर्वीच सांगावे. नाही तर सगळे एका सुरात बोलू लागल्यावर पाहुणा उगाच गोंधळतो.